गार्गीचा हप्ता

"हा आकडा काही बसत नाही, सर," डॉ. नसीम मुजावर म्हणाल्या, आणि जयसिंग घोरपड्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

कोल्हापूरजवळ, गोकुळ शिरगावच्या ओतशाळांच्या रांगेत त्यांची प्रयोगशाळा होती. शेजारी लोखंड साच्यात ओततात, आम्ही माणसं ओततो, असं जयसिंग पाहुण्यांना हसत हसत सांगायचे. कंपनी मोटारविम्याची. जयसिंग तिचे मुख्य विमागणिती. कोण गाडी कशी आणि किती वेळा ठोकेल याचा अंदाज बांधून हप्ता ठरवणं हे त्यांचं काम, आणि त्या कामाचा त्यांना गर्व होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

गर्व वाटावा असं त्यांनी केलंही होतं. पूर्वीचा हिशोब फारच ढोबळ. वय पंचविशीच्या आत आणि गाडी स्पोर्टी, की हप्ता ऐकूनच बापाचे डोळे पांढरे व्हायचे. पोरगं कितीही गुणी असलं तरी त्याच्या वयाच्या समस्त टवाळांचा दंड त्यानेच भरायचा. पुढे न्यायालयाने हे बंद केलं आणि 'ज्याचा धोका, त्याचाच हप्ता' असा दंडक घातला. त्यातून जयसिंगांचा 'प्रतिचालक' जन्माला आला.

शिकाऊ परवाना हातात पडला की वर्षभर कपाळाला संवेदकपट्टी बांधायची. कुणी ओलांडून गेलं की याचे कान किती तापतात, कशाने फुशारतो, कशाने बिचकतो, सगळं त्या पट्टीत उतरायचं आणि यंत्रात त्या मनाची एक प्रत तयार व्हायची. ही प्रत आभासी रस्त्यांवर वर्षभर गाडी चालवायची. मग तेच वर्ष पुन्हा, आणि पुन्हा, हजारो वेळा. त्यातल्या किती फेऱ्यांत गाडी ठोकली, यावरून हप्ता. प्रत कुणाची आहे हे प्रयोगशाळेत कुणालाही कळत नसे. नावाच्या जागी नुसता क्रमांक.

मेख एकच होती. हप्ता कळला की माणूस बदलतो. जास्त आला तर कुणी धसका घेतो, कुणी चिडतो, कुणी म्हणतो, पैसे भरलेत ना, मग होऊ दे काय व्हायचं ते. म्हणून प्रतीलाही आधी एक आकडा सांगायचा, मग रस्त्यावर सोडायची. तिच्या चालवण्यातून जो नवा आकडा निघेल तो पुन्हा सांगायचा. सांगितलेला आणि निघालेला आकडा एक झाला, की 'आकडा बसला' म्हणायचं. आणि बसल्याशिवाय कुणालाही सांगायचा नाही. प्रयोगशाळेत हा नियम सोवळ्यासारखा पाळला जायचा.

"हप्ता कमी सांगितला की हा चालक सुसाट सुटतो," नसीम सांगू लागल्या. त्या मिरजेच्या, मेंदूविज्ञानातल्या. "गाडीचा पार चेंदामेंदा. बरं, जास्त सांगितला, तर इतकं जपून चालवतो की गाडीवर ओरखडा नाही. मग हप्ता कमी करावा लागतो. कमी केला की पुन्हा सुसाट."

"मधला सांगून बघा."

"मधला नाहीच, सर. एका रेषेपाशी हे मन उडी मारतं. रेषेच्या अलीकडे आकडा म्हणजे त्याला शाबासकी वाटते, पलीकडे टोमणा."

जयसिंगांचे डोळे चमकले. "म्हणजे शाबास म्हटलं की अंगात येतं, आणि तुला जमायचं नाही म्हटलं की जमवून दाखवायचं!"

"तसंच. त्यामुळे याला कुठलाही आकडा सांगा, सांगितल्याबरोबर तो खोटा होतो."

"वा! सुंदर!" जयसिंग खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. इतक्या वर्षांत असं मन त्यांना भेटलं नव्हतं.

पडद्यावर एक पिवळी, दोन दारांची, रस्त्याला पोट टेकेल इतकी बुटकी गाडी पुढच्या ट्रकला ओलांडायच्या बेतात होती. तिने आधी दोनदा दिवे मारले, मग एकदाच आखूड हॉर्न दिला, मग डावीकडचा आरसा बघायला क्षणभर रेंगाळली.

असं गाडी ओलांडणारी दोनच माणसं जयसिंगांना ठाऊक होती. एक ते स्वतः, आणि दुसरी ती, जिला त्यांनी शिकवलं होतं. "ही माझी गार्गी," त्यांनी नसीमना सांगितलं.

गार्गी त्यांची एकुलती एक. तिची आई ती सहावीत असताना आजारपणात गेली, आणि तेव्हापासून घरात बापलेक दोघंच. बावीस वर्षांची ही पोर गो-कार्टच्या ट्रॅकवर लहान मुलांना शिकवायची, आणि तीन वर्षं पै-पै साठवून तिने ही पिवळी गाडी नोंदवली होती. जयसिंगांनी समजावलं, रागावले, अबोला धरला. लहानपणी 'शाबास' म्हटलं की ही आणखी वरच्या फांदीवर चढायची, हे त्यांना आठवायला हवं होतं. जगाच्या पोरांचे हिशोब मांडणाऱ्याच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार.

"नियमाप्रमाणे नकार कळवायचा," सगळं ऐकून नसीम हळूच म्हणाल्या. "विमा नाही तर गाडी सुरूच होत नाही."

जयसिंगांनी प्रतीला नकार सांगून पाहिला. प्रत सरळ गॅरेजांनी भरलेल्या उद्यमनगरात गेली आणि कुणा मित्राची जुनी, विम्याचं कुलूप नसलेली पेट्रोल गाडी घेऊन हायवेला लागली. ती फेरी त्यांना शेवटपर्यंत बघवली नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

"जास्तीचा आकडा कळवा," ते म्हणाले.

"पण तो खोटा आहे. बसलेला नाही."

"मॅडम, त्या आकड्यावर ती जगते. तुम्हीच दाखवलंत ना?"

नसीमनी पडद्यावरच्या फेऱ्या पुन्हा एकदा तपासल्या. मग त्यांनी आकडा पाठवला.

संध्याकाळी गार्गी फोन नाचवत घरात शिरली. "पप्पा, हे बघितलं काय? निम्म्या गाडीएवढा हप्ता! मी एवढं वाईट चालवतो?" कोल्हापूरच्या पोरींसारखी तीही 'मी येतो, मी चालवतो' असंच बोलायची.

"यंत्र सांगतं ते खरंच असतं," जयसिंग पोळी मोडत म्हणाले.

पोरीचा चेहरा पडला. जबडा आवळला गेला. हेच तर हवं होतं. आता ही जिद्दीने जपून चालवणार. जयसिंगांना त्या पडलेल्या चेहऱ्याची दया आली आणि त्याच वेळी हायसंही वाटलं.

पण गार्गी उठून त्यांच्या समोर येऊन बसली. "पप्पा, माझ्याकडं बघून सांगा. आकडा खरा हाय?"

"खरा आहे."

"तुमी बघितला?"

"मी... मला बघता येत नाही. नियम आहे तसा."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. यंत्राला फसवणं सोपं. अकरा वर्षं एकाच ताटात जेवलेल्या पोरीला फसवणं नाही. हळूहळू तिच्या तोंडावर हसू पसरलं.

"तुमीच वाढवलाय न्हवं? मी जपून चालवावं म्हणून?"

"अजिबात नाही!"

"म्हंजे खरा आकडा कमी हाय. लई कमी असणार, त्याशिवाय तुमच्यासारखा माणूस नोकरी पणाला लावून खोटं बोलतोय व्हय?" तिने उठून त्यांच्या गळ्यात हात टाकले. "ऱ्हाऊ दे, पप्पा. मी भरतो हप्ता. कुणाला बोलणार न्हाई."

जयसिंग जितकं नाकारत गेले तितकी ती खुलत गेली. मुलीला आत्ता, या क्षणी, कमी हप्त्याचा आकडा कळला होता, आणि तो त्यांनीच, स्वतःच्या तोंडाने कळवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्रयोगशाळेत आले ते थेट पडद्यापाशी. "चूक माझी आहे, मॅडम. आपल्या यंत्रात आकड्याला तोंडच नाही. प्रत तो पडद्यावर वाचते आणि गाडीत बसते. तिला विचारायला बाप नाही."

अशी चूक विमागणितीच करू जाणे. साध्या माणसाला कुणीही सांगेल की बातमी कोण सांगतो यावर ती बातमी कसली हे ठरतं. जन्मभर आकड्यांत राहिलेल्याला मात्र आकडा म्हणजे आकडा.

जयसिंगांची प्रत तयारच होती. यंत्र बांधलं तेव्हा पहिली प्रत त्यांनी स्वतःचीच काढली होती. नसीमनी ती गार्गीच्या प्रतीच्या घरात नेऊन बसवली आणि काल संध्याकाळपासूनचं वर्ष चालू केलं. दर दहा फेऱ्यांत तीनदा गार्गी मरत होती. कधी पंचगंगेच्या पुलावर, कधी घाटात. बापाने आकडा कमी सांगितला तरी तेच, जास्त सांगितला तरी तेच. बापाने नुसतं गप्प राहून पाहिलं, तर त्या गप्प राहण्यातूनही तिने हवा तो आकडा काढला.

"एक गोष्ट आपण कधीच करून बघितली नाही," नसीम म्हणाल्या. "तिला खरं सांगायचं. की बाई, तुझा आकडा बसत नाही."

"न बसलेला सांगत नाहीत."

"म्हणूनच बघितलं नाही, सर."

त्यांनी काल संध्याकाळ पुन्हा मांडली. पडद्यावरच्या बापाने पडद्यावरच्या मुलीला जवळ बसवलं आणि सांगितलं की कमी म्हटलं तर तू उधळतेस, जास्त म्हटलं तर सावरतेस, त्यामुळे तुझ्याविषयी आम्हाला काहीच सांगता येत नाही. मुलगी गोंधळली, हसली, विचारात पडली. मग वर्षभर ती नीट, समजून गाडी चालवत राहिली. हजार फेऱ्या झाल्या. गाडी दोन-चारदा घासली, एवढंच.

"मिरवायला शाबासकी नाही आणि खोटा पाडायला टोमणा नाही," नसीम म्हणाल्या. "मग ती रस्त्याकडे बघते. सर, बसला हो आकडा!"

जयसिंग ताडकन उठले. "मी आत्ता जातो. आत्ता सांगतो तिला."

"थांबा." नसीमनी त्यांचा दंड धरला. "हे काल सांगितलं असतं तर. आज सांगितलं तर काय, ते आधी बघू."

बघितलं. कालचं खोटं तसंच ठेवून, आज खरं. पडद्यावरच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसली. काल आकडा वाढवून भागलं नाही, म्हणून पप्पांनी आज ही नवी भीती काढली, अशी तिची खात्री पटली होती. दहातले तीन होते, ते आता चार झाले. पडद्यावरच नसीमनी सांगून पाहिलं, पोलिसाने सांगितलं, कागदावर लिहून दिलं. एकदा खोट्यातून शाबासकी मिळाली होती, आणि पोरीने ती पदरात घट्ट बांधून घेतली होती. गाडी मोडून ठेवली, तर उद्यमनगरातली जुनी गाडी होतीच.

जयसिंगांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही. मुलीला वाचवणारं एकच वाक्य जगात होतं, ते काल संध्याकाळपर्यंत चालत होतं, आणि त्यांनी सोवळ्याचा नियम मोडलाच होता तर तो खोट्यासाठी मोडला होता.

बाहेर हॉर्न वाजला. एकदाच, आखूड.

खिडकीतून नसीमना फाटकाशी पिवळी गाडी दिसली. काच खाली करून गार्गी वर बघून हात हलवत होती. "पप्पा, हप्ता भरला, गाडी आणली! या खाली! पयली चक्कर तुमच्यासंगं!"

"एकच शेवटची फेरी लावा," जयसिंग डोळे पुसत म्हणाले. "बाप शेजारच्या सीटवर. रोज."

यंत्र थोडा वेळ चाललं. पडद्यावर आलेलं नसीमनी वाचलं आणि त्यांच्याकडे न बघताच सांगितलं, "दहातले तीनच. फक्त माणसं एकाऐवजी दोन."

जयसिंगांनी मान हलवली. खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलला, अंगात घातला, बटणं लावली.

"सर, कशाला जाताय? काही फरक पडत नाही."

"माहीत आहे," जयसिंग म्हणाले आणि जिना उतरले.

गाडीत शिरायला त्यांना चांगलंच वाकावं लागलं. आत नव्या कातड्याचा वास होता. त्यांनी सीटबेल्ट ओढून खटकन लावला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. गार्गीच्या डोळ्यांत आनंद मावत नव्हता.

"नाक्यापर्यंतच येणार काय कसं?"

"नाही. नेशील तिथे. उद्याही येईन. रोज येईन."

गार्गी क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिली. या गाडीवरून महिनाभर अबोला धरलेला तिचा बाप, कोण गाडी कशी ठोकेल याशिवाय दुसऱ्या कशाचा अभ्यास न केलेला तिचा बाप, आपण होऊन तिच्या शेजारी बसला होता.

"एवढा भरवसा हाय तुमचा माझ्यावर?" ती म्हणाली, आणि खुशीत येऊन तिने पाय दाबला.