दोन स्पीकरांच्या मधली जागा

"रामराव काका आहेत का?"

"मी आहे ना. बोल."

मंठ्यातल्या आमच्या साऊंडच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाईक आधी पप्पांनाच विचारतं. पण यंदा बारावीत गेल्यापासून दुपारचं काउंटर माझ्याकडं आहे, आणि ते मी कुणाला विसरू देत नाही. वर पाहिलं... तर कल्याण! आमच्याच वर्गातला, शेवटच्या बाकावरचा. वर्षभरात माझ्याशी बोललेले त्याचे हे पहिलेच शब्द.

"दोन चांगले स्पीकर पाहिजेत. तासाभरासाठी."

"वरात आहे?"

"न्हाई गं—" तो चक्क लाजला. "डिस्क ऐकायचीय."

दारात त्यानं दोन खोकी ठेवली होती. आत त्याच्या आप्पांच्या सीडी. आप्पा एसटीत ड्रायव्हर. मुक्कामाची गाडी ज्या गावी जाईल तिथून एक सीडी आणायची, असं वीस वर्षं जमवलेलं. आता जालन्याचे, जुन्या सीडी-प्लेअरचा धंदा करणारे राधेश्यामकाका ती खोकी घेऊन बदल्यात एक प्लेअर देणार होते, सुपर ऑडिओ सीडी वाजवणारा. ट्रायलला दिलेला तो प्लेअर कल्याणच्या काखेत होता. पाच वाजता काका येणार आणि खोकी नेणार.

"आप्पा काय म्हणले?"

"म्हणले, दे. मंग उठून बाहेर गेले."

मी खोक्यांकडं पाहिलं. "या मशीनमध्ये एवढं काय दिसून राह्यलं तुला?"

"अगं, साध्या सीडीपेक्षा कितीतरी बारीक रेकॉर्डिंग असतं! आकडे बघ ना."

"आकडे कानाला ऐकू येतात का? घरात पाच स्पीकर असतील, चहूबाजूंनी आवाज पाहिजे असेल, तर या डिस्कला अर्थ आहे. तुझे स्पीकर दोन. तिथं रेकॉर्डिंग चांगलं असलं की साधी सीडी बास होते."

"लई कळतं तुला?"

"चल, लाव पैज. न बघता ओळखलंस तर दे खोकी, नाहीतर मशीन परत."

मी दोन स्पीकर समोर ठेवले, मधोमध स्टूल, स्टुलावर कल्याण. प्लेअरबरोबर आलेल्या एकाच डिस्कवर दोन्ही रेकॉर्डिंग होती, साधं आणि बारीक. बटण दाबलं की बदलायचं. मशीनवरची अक्षरं मी ओढणीनं झाकली. मोबाइलवर मोजून दोन्हींचा आवाज सारखा केला, कारण जरा मोठं वाजलं की कुणालाही तेच चांगलं वाटतं. हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मग दर वेळी नाणं उडवून त्याप्रमाणे लावत गेले.

"बारीक," कल्याण म्हणाला. "साधं. साधं. बारीक..."

दहापैकी दहा!

साडेचार वाजले होते. "जिंकलास," मी म्हणाले. माझाच आवाज मला बारीक ऐकू आला. "दे काकांना आप्पांच्या सीडी."

तो स्टुलावरून उठेचना.

"बेबीनंदा..."

पूर्ण नाव! वर्गात सगळे 'बेबी, बेबी' करून चिडवतात.

"मी चीटिंग केली."

"कशी? सगळं तर झाकलेलं—"

"मी आवाज ऐकतच नव्हतो. बारीकवालं लावलं की तू वेणीचं टोक दातात धरतीस. मी ओळखीन म्हणून घाबरतीस ना."

"तू माझ्याकडं बघत होतास?"

"समोरच उभी होतीस. आन्... वर्गात बी बघतो. पण शेवटच्या बाकावरून नुसती वेणीच दिसती."

मी मशीनवरची ओढणी उगीच नीट केली. तो गप्प राहिला असता तर मशीन त्याचंच होतं की!

"पुन्हा," मी कशीबशी म्हणाले. पाठ फिरवली आणि वेणी पुढं घेतली.

या वेळी दहापैकी पाच आले. नुसते अंदाज ठोकले असते तरी तेवढे आलेच असते. मग स्टुलावर मी बसले, त्यानं पाठ फिरवली. मला सहा आले. फुशारकी मारावी असं त्यात काही नाही.

फोन त्यानंच लावला. "काका, मशीन घेऊन जा. खोकी न्हाई देत... न्हाई, बिलकुल न्हाई."

काका आले, कुरकुरत मशीन घेऊन गेले. कल्याणनं खोक्यातून आप्पांची एक सीडी काढली. आमच्या दुकानातल्या जुन्या प्लेअरवर ती लावली, आणि जाऊन स्टुलावर बसला.

दोन स्पीकरांवर ऐकायची बराबर जागा एकच असते, मधोमध. दोघं बसले तर एकाला डावा स्पीकर जास्त ऐकू येतो, दुसऱ्याला उजवा.

मी दुसरं स्टूल ओढलं.

"इथून बराबर न्हाई ऐकू येणार तुला," तो म्हणाला.

"माहितीये," मी म्हणाले. "सरक."