मागचे आले का?

धुक्याने डोंगराची खडकाळ धार गिळली होती, आणि इरावतीच्या छातीवरच्या डबीतून तिचे हरवलेले वडील विचारत होते, "मागचे आले का?"

"आले, बाबा."

डबीवरचा बाण उजवीकडे, धारेच्या सुरक्षित वाटेकडे वळला. तिसऱ्यांदा!

"छे! काय उपयोग तुमच्या यंत्राचा, सर?" ती डॉ. कुलथ्यांवर उखडली. "ही वाट शोधपथकाने केव्हाच पिंजून काढली आहे."

किन्नौरच्या वरच्या या खोऱ्यात चिटपाखरूही फिरकत नाही. गेल्या हंगामात तिचे वडील, विश्राम सबनीस, दोन हौशी गिर्यारोहकांना घेऊन इथे आले. ते दोघे तेवढे परतले आणि सांगू लागले, "आम्हाला धुक्यात टाकून ते पुढे निघून गेले." मागचा 'आलो' म्हणेपर्यंत पुढचं पाऊल न टाकणारा माणूस, आणि लोकांनी त्याला बेलाशक पळपुटा ठरवलं! इरावतीच्या आईने तर घराबाहेर पडणंच सोडलं होतं.

कुलथे एका दगडावर टेकले. "इरा, ही त्यांची निर्णयप्रतिमा आहे. त्यांच्या सगळ्या मोहिमांच्या नोंदींवरून घडवलेली. त्यांनी काय केलं हे तिला माहीत नाही. समोरच्या परिस्थितीत ते काय करतील, एवढंच ती सांगते. हवामान, उतार आणि मागून येणारं उत्तर, यावरून."

"मग?"

"तू दर वेळी उत्तर देतेस. त्या दिवशी कोणी दिलंच नसेल तर?"

इरावती थोडी मागे गेली आणि पुन्हा त्याच वळणावर आली.

"मागचे आले का?"

तिने ओठ घट्ट मिटले.

"मागचे आले का? अहो, आवाज द्या!"

बाण धारेवरून हटला, मागे फिरला आणि खाली हिमनदीकडे स्थिरावला. वाट चुकलेला माणूस उताराकडेच भरकटतो, असं बाबा नेहमी सांगायचे.

दोघे दोर बांधून उतरले. बर्फातल्या पहिल्याच रुंद भेगेत पिवळी पाठपिशवी दिसली. तिच्याखाली बाबा होते.

त्या दोघा गिर्यारोहकांनी न सांगताच परतीची वाट धरली असणार, आणि हा वेडा माणूस हाका मारत त्यांना शोधत इथवर आला.

"टाकून नाही गेले, सर," इरावती हुंदके देत म्हणाली. "शोधायला आले होते."

डबी अजून विचारतच होती. तिच्या हिशेबी मागचे आलेच नव्हते. कुलथ्यांनी ती बंद करायला हात पुढे केला, तो इरावतीने अडवला.

"आले, बाबा. सगळे आले."

"मग चला," बाबा म्हणाले, आणि बाण पुन्हा वरच्या धारेकडे वळला.