खिशातले हात

बाथरूमच्या सामानाच्या दुकानात एक उंच तरुण भिंतीवरच्या दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळत होता. गुडघे दुमडलेले, डोळे मिटलेले. ती वॉकरच्या पायांना लावायची रबरी बुचं घ्यायला आली होती. पण असं काही दिसल्यावर न विचारता पुढे जाणं तिच्या स्वभावात नव्हतं.

“काय चाललंय?”

“माझं वजन पेलतो का बघतोय.”

“तो टॉवेल वाळत घालायचा दांडा आहे.”

तेवढ्यात दांड्याचं एक टोक भिंतीतून सुटलं. दुकानदारानं कपाळाला हात लावला.

“आता टॉवेलही पेलणार नाही,” ती म्हणाली आणि बुचं घेऊन निघाली. रस्त्यानं मात्र हसू काही थांबेना.

दुपारी तिनं एका नव्या पेशंटच्या घराची बेल दाबली, तर दार उघडणारा तोच. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

“टॉवेलवाल्या बाई... तुम्ही?”

“मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. तुमच्या आत्यांसाठी आले आहे.”

आत्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि आत्याचं स्वतःचं असं काही उरलं नाही. भाचा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करायचा. आई-वडिलांमागे आत्यानंच त्याला वाढवलेलं. एवढा ताडमाड वाढला तरी आत्यासाठी तो छोटूच. तो सकाळी तिचे केस विंचरायचा, तिला मोजे घालायचा, संध्याकाळी धावत येऊन चहाचा कप तिच्या ओठांशी धरायचा.

“मालिश करता का तुम्ही?” त्यानं उत्सुकतेनं विचारलं.

“नाही. आत्यांची कामं आत्यांना करता यावीत, एवढंच बघते. थोडं त्यांना शिकवते, थोडं घराला.”

मग ती घरभर हिंडली. पायपुसणी उचलली. आत्याला कॉटवरून उठायला, बसायला लावलं. खुर्ची कुठली आवडते, डबे कुठल्या फळीवर, सकाळी आधी आंघोळ की आधी चहा... प्रश्नांना अंत नव्हता. छोटूला नवल वाटलं. आत्या एवढं बोलते हे तो विसरूनच गेला होता.

“आणि बाथरूममधला हा आधाराचा दांडा कुणी बसवला?”

“मी. आजच. माणसं पेलणारा आणला, खास.”

“छान आहे. पण तुमच्या खांद्याच्या उंचीवर आहे. आत्यांनी काय उडी मारून धरायचा?”

आत्या इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला.

त्या दिवशी तिनं त्याला एकच नियम सांगितला. आत्या काम करत असताना हात खिशात. आत्यांनी मागितली तरच मदत.

“आणि पडली तर?”

“पडू नये म्हणून तर मी आहे. पण तुम्ही सगळं करत राहिलात ना, तर त्या बसूनच राहतील.”

त्याला हे पटलं नाही. पण आत्यानं खरी गोष्ट सांगितली. परगावी राहणाऱ्या तिच्या मुलाचा निरोप आला होता. पुढच्या महिन्यात तो येणार आणि आईचं एकटीनं भागत नसेल तर सोबत घेऊन जाणार.

“त्याच्याकडे सुख आहे गं,” आत्या म्हणाली. “पण तिथं मी पाहुणी. इथं माझं घर आहे.”

मग थेरपिस्टच्या फेऱ्या सुरू झाल्या. आंघोळीला रबरी पायांची खुर्ची आली, दांडा खाली उतरला, चहा-साखर कमरेच्या उंचीवर आली. खाली वाकायचं नाही, म्हणून लांब दांड्याचा चिमटा आला. वॉकर धरला की कप कसा न्यायचा, हा प्रश्न उरला. तिनं वॉकरला पिशवी बांधली. चहा थर्मासमध्ये, थर्मास पिशवीत.

छोटू दाराशी उभा राहून बघायचा. आधी आत्याकडे... मग नुसतं आत्याकडेच नाही.

“हात,” ती मागे न बघता म्हणायची.

“खिशातच आहेत.”

“मग नजर का अशी भिरभिरतेय?”

“नजरेचा नियम कुठं सांगितलात?”

तिचे कान लाल व्हायचे. आत्याला सगळं दिसायचं. चष्मा भाच्यानं फार चांगला बनवून दिला होता.

अखेर मुलगा आला, तेव्हा थेरपिस्ट आणि छोटू दोघंही घरात होते. जड पावलांचा, काळजीनं कातावलेला. स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून म्हणाला, “आई, चहा कर. मी बघतो.”

आत्यानं चहा उकळला. न सांडता थर्मासमध्ये गाळला. झाकण घ्यायला हात लांबवला आणि ते निसटून खाली पडलं आणि घरंगळत ओट्याखालच्या कोपऱ्यात गेलं.

आत्यानं चिमटा काढला. झाकण धरलं, सुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. मुलानं सुस्कारा सोडला.

तेव्हा एक विचित्र गोष्ट झाली. इतके दिवस दुसऱ्याला दटावणारी तीच पुढे झेपावली. तिला त्या क्षणी नियम आठवला नाही, आत्याचा पडलेला चेहरा तेवढा दिसला. पण मनगट मागच्या मागे कुणीतरी धरलं होतं. घट्ट नाही... पण सोडेल असंही नाही.

“जमेल तिला,” छोटू कानाशी पुटपुटला.

“सोडा.”

“तुमच्या कुर्त्याला खिसा नाही. म्हणून मी धरलाय.”

आत्यानं श्वास घेतला. वॉकर अर्धं पाऊल सरकवला, चिमटा आडवा केला, झाकण कोपऱ्यातून ओढून भिंतीशी दाबलं आणि उचललं. स्वच्छ धुतलं, लावलं. थर्मास पिशवीत टाकून ती मुलासमोरून बाहेरच्या खोलीत निघाली.

“वाट दे,” ती मुलाला म्हणाली. “आणि येताना कप आण. तेवढं चालेल.”

मुलगा कप घेऊन मागोमाग आला. मग चहा पीत म्हणाला, “साखर जास्त झालीय.”

“माझ्या घरी एवढीच पडते.”

“बरं. राहा मग.” त्यानं डोळे पुसले आणि ते चहाच्या वाफेवर ढकललं.

मनगट अजून सुटलेलं नव्हतं, हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं.

ती शेवटच्या भेटीला आली तेव्हा आत्यानं दोघांनाही दाराबाहेर काढलं. “मला जरा एकटीला राहू द्या. त्याचसाठी केला ना एवढा खटाटोप?”

दोघं रस्त्याला लागले. त्याची ढांग मोठी. पण तिच्या चालीनं चालायला त्याला काही कष्ट पडत नव्हते.

“आता तुम्ही येणार नाही,” तो म्हणाला.

“काम संपलं की येत नाही आम्ही.”

“मग मी... म्हणजे मला असं म्हणायचंय की...” तो थांबला. कोपऱ्यावरच्या दिव्याकडे बघितलं, चपलेकडे बघितलं. “तुम्ही घरात असलात की मला दुकानात परत जावंसं वाटत नाही. मला तुम्ही आवडता. पुष्कळ. झालं, सांगून टाकलं.”

“तुम्ही मलाही आवडता,” ती म्हणाली. “मघापासून वाटत होतं, मीच बोलून तुम्हाला सोडवावं.”

“मग सोडवलं का नाही?”

ती हसली आणि आपला हात त्याच्या हातात दिला.

“तुमचं तुम्हाला जमत होतं.”