लुकलुकत्या डब्यांचे रविवार

घडियाळी पोळ या गल्लीतल्या लायटिंगच्या दुकानात मी पोळ्यांचा डबा उघडला आणि त्यातून रेल्वेचा डबा काढला, तेव्हा शेजारचं गिऱ्हाईक दचकून मागे सरकलं. वीतभर लांबीचा निळा डबा, खिडक्यांमागे इवले इवले दिवे. दुकानदाराने गुजरातीत हात जोडले. तोरणं हवी तेवढी घ्या, पण खेळणी दुरुस्त करायला त्याला वेळ नव्हता.

"आता बाबांना काय सांगू..." मी स्वतःशीच पुटपुटले.

"सांगा की दिवे ठणठणीत आहेत," मघाचं दचकलेलं गिऱ्हाईक मराठीत म्हणालं. "बिघाड चाकांत आहे."

त्याचं नाव अमोघ. सुभानपुऱ्यात तो कानाची यंत्रं दुरुस्त करायचा. रुळातला करंट चाकांतून वर येतो आणि चाकाला मळ लागला की दिवा लुकलुकतो, असं त्याने डबा हातात फिरवत मला समजावलं. मी दातांची डॉक्टर, मला मळाचं कसलं नवल! नवल वाटलं ते त्याच्या बोटांचं. एवढी लांब बोटं, आणि चाक किती अलगद धरलं होतं... मी तिथल्या तिथे त्याला अकोट्याला घरी बोलावून टाकलं.

बाबा रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जेवणाच्या टेबलावर रूळ अंथरले आणि आम्ही खाली बसून जेवू लागलो. कोजागिरीला त्यांचे जुने सोबती येणार होते. त्यांच्यासमोर गाडी एकदाही न लुकलुकता फेरी मारेल, असं बाबांनी जाहीर करून टाकलं होतं. कारण त्यांच्यातल्याच दत्तात्रेयकाकांनी एकदा विचारलं होतं, "गजेंद्र, गाडीत भुतं बसवलीस का रे?" तेव्हापासून बाबांना अन्न गोड लागेना.

रविवारी अमोघ आला. बाबांनी नोकरीला ठेवायचं असावं तशी त्याची चौकशी केली. मी दवाखान्यातला छोटा आरसा धरून डब्याच्या पोटात उजेड पाडत होते. प्रत्येक डब्यात तो मटाराएवढा कपॅसिटर बसवत होता.

"हा काय करतो?"

"थोडा करंट धरून ठेवतो. चाक क्षणभर रुळावरून उचललं गेलं, तरी दिवा लगेच जात नाही."

"बराच विश्वासू दिसतो."

"आहे... पण त्याचीही एक हद्द असते. हात हलवू नका ने," तो गुजराती वळणाने म्हणाला.

"हात नाही, आरसा हलतोय."

तो हसला, आणि मग आरसा खरंच हलला.

गाडी झकास धावली. तो गेल्यावर बाबांनी गाडीची पूजा केली. दसऱ्याला शेडमधल्या इंजिनाला हळदकुंकू लागायचं, तर दुरुस्त होऊन निघालेल्या गाडीला का नको? त्यांनी चाकाचाकाला हळदकुंकू वाहिलं आणि वर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. नव्या स्कूटरलाही आमच्याकडे हेच होतं, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सोमवारी गाडी पुन्हा लुकलुकू लागली.

पुढच्या रविवारी अमोघने स्पिरिटचा कापूस चाकावरून फिरवला. कापसाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं... आणि मूठ मिटून कापूस खिशात घातला. केराची टोपली दिसली नसेल, असं मी समजले. गाडी धावली, पूजा झाली, दिवे रुसले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. "छोकरा गुणी आहे, पण हाताला यश नाही गं," आई म्हणाली. मला मात्र ते अपयश भलतंच आवडू लागलं होतं. मी शनिवारी न चुकता केस धुऊ लागले.

बाबा मात्र खंगत चालले. गाडी सुधारली तर अमोघ यायचा थांबणार, न सुधारली तर बाबांचं हसं होणार. देवाला नेमकं काय मागावं, तेच मला कळेना.

कोजागिरीच्या संध्याकाळी अमोघ लवकर आला आणि चाकं लख्ख करून बाजूला झाला. सोबती जमले. बाबा तबक घेऊन टेबलापाशी आले, तेलाच्या वाटीत बोट बुडवलं —

"काका, थांबा," अमोघ म्हणाला. "चाकांना नको, छपराला लावा. चाकांना हळद-तेल लागलं की करंट वर चढत नाही."

बाबांनी तबकाकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं, आणि निमूटपणे छपरांवर बोटं टेकवली. हिरवी झेंडी, शिट्टी... गाडी सुटली. एकही दिवा लुकलुकला नाही. दत्तात्रेयकाकांनी उभं राहून सलाम ठोकला आणि बाबांचे डोळे भरून आले.

मी अमोघला स्वयंपाकघरात गाठलं.

"तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"दुसऱ्या रविवारपासून. कापूस पिवळाधमक निघाला होता."

"आणि तुम्ही तो खिशात घातलात."

"सांगितलं असतं, तर तिसरा रविवार आला असता का?" तो आटत्या दुधाकडे बघत म्हणाला. "चुकलंच माझं. काकांचा चेहरा बघवेना, म्हणून आज बोललो. मला तुम्ही आवडता, मोहना. पण आता गाडीला काही झालेलंच नाही... पुढच्या रविवारी काय सांगून येऊ?"

मलाही तो आवडत होता. मी सरळ बाहेर आले. गाडी थांबली होती, मंडळी गप्पांत रमली होती. मी तबकातली हळद तेलात कालवली आणि शेवटच्या डब्याच्या चाकांना सढळ हाताने लावली.

बाबांनी दुसऱ्या फेरीची शिट्टी दिली. सगळे डबे लख्ख — आणि शेवटचा लुकलुकायला लागला. दारात उभ्या अमोघने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या पिवळ्या बोटांकडे. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं.

बोटं बाबांनीही पाहिली. गार्डच्या नजरेतून शेवटचा डबा कधी सुटत नाही. त्यांनी शांतपणे लाल झेंडी उघडली.

"अमोघ," ते म्हणाले, "रविवारी या. आणि या खेपेला आई-वडिलांनाही घेऊन या. काम मोठं दिसतंय."