दाराबाहेरच्या चपला

वॉर्ड ऑफिसातली चौकशीची खोली मी नव्याने मांडली, म्हणजे फार काही केलं नाही. डोळ्यांवर येणारे दिवे बदलले, पाण्याचा माठ ठेवला, कुठलं काम कुठल्या टेबलाशी ते भिंतीवर कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं. जन्मभर सरकारी कारखान्यात यंत्रं मांडली, निवृत्तीनंतर खुर्च्या. शलाका असती तर म्हणाली असती, "घरातली एक खुर्ची कधी सरळ केली नाहीस, नंदकिशोर!"

शलाका माझी बायको. नळजोडणीसाठी तिने इथेच हेलपाटे घातले. बसायला जागा नसायची, पाय सुजवून बनशंकरीला घरी परतायची. ती गेल्यावर मी हे काम मागून घेतलं. खिडकीजवळची खुर्ची तिची म्हणूनच मांडली.

अडचण एकच होती. देवळात शिरावं तसे लोक चपला बाहेर काढायचे आणि दारातच घुटमळायचे. वेणुगोपाल साहेबांनी बजावलं, "लोक आत येत नसतील, तर खोली गोदामाला देईन." मग मी पाटी लावली, 'चपला घालूनच या'. चौकशीला बसणारी रूपश्री इथल्याच जुन्या मराठी घरातली. ती एकेकाला आग्रहाने आत आणू लागली. खोली भरू लागली. गोदामाचं नाव निघेनासं झालं. मी बेहद्द खूश होतो.

बाहेर एकच जोड उरायचा.

"काका, खिडकीतली खुर्ची कितीही गर्दी असू दे, रिकामीच राहते बघा," रूपश्री म्हणाली. "लोक म्हणतात, तिथं अक्का बसल्यात."

"कोण अक्का?"

"काय की. पाय स्वल्प सुजलेत म्हणे त्यांचे."

मी बाहेर जाऊन तो जोड उचलला. डाव्या अंगठ्याला निळ्या दोऱ्याचे टाके होते. ते मीच घातलेले. तिच्यामागे मी या चपला दान केल्या होत्या; कुणीतरी वापरत असेल, मी स्वतःला समजावलं.

तरी माझ्याही चपला काढून शेजारी ठेवल्या आणि आत जाऊन तिच्या खुर्चीशेजारी बसलो. वारा छान येत होता. ती गेल्यापासून मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

एक म्हातारा आत आला.

"बसा की अण्णा," रूपश्रीने माझ्याकडे बोट केलं. "त्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या आहेत."

म्हाताऱ्याने मान हलवली. "नको अम्मा. दोघं बसलीत तिथं."

"रूपश्री," मी हाक मारली.

ती दाराबाहेर बघत होती. तिथे दोन जोड शेजारी शेजारी होते. दोन्हींवर सारखीच धूळ बसली होती.