टाइम प्लीज

पोलीस नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर निःशब्दमापकाचा काटा हिरव्या पट्टीत स्थिर होता. दुपारचे चार वाजले होते आणि पुनर्वसन वसाहतीच्या अकराही इमारतींत पोरांनी नुसता धुडगूस घातला होता.

"म्हणजे हे यंत्र गुंडांवर नजर ठेवतच नाही?" नुकतेच बदलून आलेले उपायुक्त बर्गे यांनी विचारले.

"नाही साहेब, पोरांवर कान ठेवतं," डॉ. रंजना साळवे म्हणाल्या. "कुणाचा गेम होणार हे तिथल्या पोरांना सगळ्यांत आधी कळतं. जिन्यात कोण उभं आहे, कुणाच्या शर्टाखाली काय आहे, एवढं बघून ती खेळ टाकून घरात शिरतात. त्यानंतर साधारण नऊ मिनिटांत वार होतो. म्हणून मजला गप्प झाला की काटा लाल होतो आणि पथकाच्या बिनचालकी गाड्या आपोआप सुटतात, हिरवा झाला की आपोआप परत फिरतात."

"आणि किंकाळ्या?"

"त्या धरतच नाही. आमच्याकडे पोरं खेळतानाही जीव गेल्यासारखी किंचाळतात. सुरुवातीला पथक रोज फुकट पळायचं. मग मीच यंत्राला शिकवलं, पोरांचा आवाज म्हणजे खेळ, शांतता म्हणजे धोका."

'आमच्याकडे' म्हणताना रंजनांचा ऊर भरून येई. त्या सहाव्या इमारतीतच वाढल्या होत्या. भाऊ विलास आणि नऊ वर्षांची भाची गौतमी अजून तिथेच राहत होते. दीड वर्षात अडतीस हल्ले टळले होते आणि बाई हुरळून गेल्या होत्या, खोटे कशाला बोला! गेल्याच महिन्यात वसाहतीच्या शाळेत जाऊन त्यांनी पोरांना यंत्राचे सगळे गुपित कौतुकाने सांगितले होते. पोरांनी ते घरी सांगितले. त्यांतल्या निम्म्या घरांत कुणाचा काका, कुणाचा दादा टोळीत होता. तिथेच वाढलेल्या रंजनांना एवढे साधे सुचले नाही.

बर्गेंनी सहाव्या इमारतीचा आवाज मोठा केला.

"लगोरी! लगोरी!" पोरे बेंबीच्या देठापासून ओरडत होती. रंजना हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. चेंडू आपटल्याचा आवाज कुठेच नव्हता.

मग एक घोगरा पुरुषी आवाज आला. "ओरडा रे! जो गप बसेल तो आधी जाईल." पाठोपाठ दारावर लाथ बसली. "विल्या, दार उघड! साक्ष देतो काय आमच्या विरुद्ध?"

"साहेब, पथक सोडा! माझ्या भावाचं दार आहे ते!"

"काटा लाल झाल्याशिवाय गाड्या हलत नाहीत, डॉक्टर. नियम तुमचाच आहे." बर्गेंनी फोन उचलला होता, पण जवळच्या ठाण्यातून माणसे यायला अर्धा तास लागणार होता.

दाराची फळी तडकली. तेवढ्यात त्या कल्लोळातून गौतमीचा आवाज आला.

"टाइम प्लीज!"

कितीही रडीचा डाव खेळणारे पोर असो, हा शब्द कानावर पडला की थांबतेच. मजला एका क्षणात गप्प झाला. काटा लाल झाला आणि नियंत्रण कक्षाच्या अंगणातून दोन्ही गाड्या सुटल्या. पोरीने सगळे समजून उमजून केले होते. गाड्यांना पोचायला चार मिनिटे पुरेशी होती. रंजनांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"कोण बोललं ते?" घोगऱ्या आवाजाने दरडावले.

लगेच दुसरा पुरुषी आवाज आला.

"ही बघ, भाई. डॉक्टरणीची भाची. हिनंच सगळ्यांना गप केलं."

"पप्पा, दार उघडू नका!" गौतमी ओरडली.

गौतमीवर चॉपरचा घाव बसला. मग दुसरा. दार उघडल्याचा आवाज आला आणि विलासने फोडलेला हंबरडा अर्ध्यातच तुटला. मजल्यावरची सगळी पोरे एकदम किंचाळू लागली. त्यांना आता कुणी ओरडायला सांगत नव्हते, ती थांबतही नव्हती.

काटा थरथरला आणि हिरव्या पट्टीत आला. पडद्यावर अक्षरे उमटली : 'सहावी इमारत. खेळ सुरू.'

"नाही! नाही!" रंजना दोन्ही मुठींनी पडदा बडवत होत्या. गाड्या वसाहतीच्या फाटकाशी पोचल्या होत्या. तिथूनच त्या परत फिरल्या.