बाजूला काढून ठेवलेली मेमरी

कॉम्प्युटर दुरुस्तीचं नेहमीचं दुकान बंद होतं म्हणून ती शेजारच्या दुकानात शिरली. नाहीतर तिची आणि तिथल्या दुरुस्तीवाल्याची गाठ पडलीच नसती.

ती भरतकामाच्या यंत्रासाठी कॉम्प्युटरवर नक्षी काढायची. नक्षी मोठी झाली की कॉम्प्युटर अडकायचा. दुरुस्तीवाल्याने आठ जीबीची नवी मेमरी बसवली. घरी येऊन तिने आकडा पाहिला, तर सहाच्याही आत. झालं, शंकेची पाल चुकचुकली. एकदा भागीदाराने तिच्या साऱ्या नक्ष्या उचलून पोबारा केला होता. तेव्हापासून ती ताकही फुंकून प्यायची. ती तशीच दुकानात परत गेली.

"आठ लावली म्हणालात. वरची दोन कुठे गेली?"

तो हसला. गालाला खळी पडली. लबाड माणसांनाच खळ्या असतात, तिने मनाशी नोंद केली.

त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडून मेमरीची पट्टी तिच्या हातात दिली. आठच होती. मग त्याने समजावलं. या कॉम्प्युटरात पडद्यावर चित्र काढणाऱ्या भागाला स्वतःची मेमरी नसते, तो मुख्य मेमरीतच राहतो. सुरू होतानाच थोडी त्याच्यासाठी बाजूला काढलेली असते, ती लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, हिशेबातच धरत नाही. त्यावर आणखी लागली तर तो तेवढ्यापुरती घेतो आणि काम झालं की परत देतो.

"परत देतो? याची हमी कोण घेणार?"

"लिनक्स."

"त्याला मी ओळखत नाही."

त्याने एक मोठी नक्षी उघडली. वापराचा आकडा चढला. बंद केली, उतरला. तिने स्वतःच्या हाताने तेच पुन्हा करून पाहिलं, तरी मान हलवली नाही.

कॉम्प्युटर मात्र अडकतच राहिला. ती पुन्हा गेली... मग पुन्हा. तो कधी धूळ झटकायचा, कधी नको ते प्रोग्रॅम बंद करायचा, चहा मागवायचा. ती त्याच्या बोटांवर नजर ठेवून बसायची. अंगठ्याला चटक्याचा जुना डाग होता. इतकं बारीक बघायचं ते सावधगिरीसाठी, असं ती स्वतःला सांगायची. यंत्र चालवणारी आत्या एकदा म्हणाली, मशीन बिघडलंय की तू? तिने आत्याला सुईकडे बघायला सांगितलं.

एका सकाळी कॉम्प्युटर सुरू होताना तिने तो दाबायचा तीच कळ दाबली. आतल्या सेटिंगांचं पान उघडलं. चित्रासाठी बाजूला: दोन जीबी. खाली दुसरे पर्याय: एक... अर्धा. म्हणजे हे कमी करता येत होतं!

तिने काही बदललं नाही. डबा उचलला आणि थेट दुकान गाठलं.

"हे कमी करता येतं?"

त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. चोराच्या मनात चांदणं. कान लाल झाले.

"येतं."

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

हाही त्या भागीदारासारखाच निघाला तर... हाती घेतलेल्या नाट्यगृहाच्या पडद्याची नक्षी किती दिवस अडकून पडली होती, आत्या रोज विचारायची आणि ही मान खाली घालायची, हे सारं तिने त्याला ऐकवलं. त्याने सेटिंगांत दोनाचा अर्धा केला. आकडा सातच्या वर गेला. पडद्याची नक्षी उघडली, कुठेही न अडखळता फिरली.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "यापुढे दुसरीकडे गेलात तरी मला तोंड नाही बोलायला."

"कारण सांगा. खरं."

"काम संपलं असतं... तुम्ही पुन्हा आला नसता."

तिने वायर गुंडाळायला घेतली. गुंडाळी सुटली, पुन्हा घेतली.

"हे तेव्हाच बोलायला काय झालं होतं?"

"तुम्ही संशय घेतला असता."

"घेतलाच असता —" ती वायरीकडे बघत म्हणाली, "आणि तरी आले असते."

तो काही बोलणार, तोच तिने डबा त्याच्या हातात ठेवला. "उचला. आत्याला हे सगळं पहिल्यापासून सांगायचं, माझ्यासमोर. ती माझ्याहून संशयी आहे."

तो पुढे निघाला. ती अर्धं पाऊल मागेच राहिली, त्याच्यावर नजर ठेवून. वळणावर त्याने मागे पाहिलं, तेव्हा ती दुसरीकडे बघायचं विसरली.